एकट्याने परदेशी: १५ ते १७ वयाच्या मुलामुलींसाठी पहिल्या प्रवासाची तयारी

मे महिन्याची सुट्टी आहे, मावशी जर्मनीत आहे आणि आईबाबांना रजा नाही. ‘जातोस का मग एकटा?’ असं कुणीतरी गमतीत म्हणतं आणि दोन दिवसांत ते खरंच ठरतं. हल्ली पुण्या-मुंबईतच नाही, सांगली-नाशिकच्या घरांतही हे होतं. मी फ्रँकफर्टजवळ राहते, त्यामुळे उन्हाळ्यात आमच्याकडे कुणी ना कुणी भाचरं येत असतात. विमानतळावर कोण गोंधळणार हे मला आधी फोनवर बोलूनच कळतं. ‘व्हिसा कधीपर्यंतचा आहे रे?’ असं विचारल्यावर जो ‘थांब, बाबांना विचारतो’ म्हणतो, तो गोंधळणार. वय, इंग्रजी, शाळेतले मार्क यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

म्हणून हा लेख आईबाबांसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. फॉर्म तू भरायचे, फाइल तू लावायची. आईबाबांनी सह्या करायच्या, पैसे भरायचे आणि शेवटी एकदा सगळं तपासायचं. उदाहरण म्हणून मुंबई ते फ्रँकफर्ट हा प्रवास घेते, कारण तो मला पाठ आहे. इतर देशांचं काही वेगळं असेल तिथे सांगत जाईन.

आधी वयाचा हिशेब

या प्रवासात तुझं वय प्रत्येक खिडकीवर वेगळं असतं. १२ पूर्ण झाली की विमान कंपनीच्या लेखी तू मोठा, तिकीटही मोठ्यांच्या दराचं. व्हिसा देणाऱ्यांच्या लेखी तू १८ पूर्ण होईपर्यंत लहान, त्यामुळे दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. बहुतेक हॉटेलं आणि बरीचशी हॉस्टेलं १८च्या आतल्या मुलाला एकट्याला खोली देत नाहीत. म्हणून पहिला प्रवास नातेवाइकांकडे, नाहीतर शाळेच्या किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमातून करावा. ‘मी एकटाच युरोप फिरतो’ हा बेत दोन-तीन वर्षं थांबू शकतो.

५ ते ११ वयाच्या मुलांना बहुतेक कंपन्या एकटं नेतात ते फक्त त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली, म्हणजे ‘अनअकम्पनीड मायनर’ सेवेतून. १२ पासून पुढे ही सेवा मागितली तर मिळते, सक्ती नसते. काही अमेरिकन कंपन्यांत मात्र ही सक्ती १४ वर्षांपर्यंत आहे. युरोपातली रायनएअर तर १६च्या आतल्याला एकटं घेतच नाही. तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचा नियम स्वतः वाच. एजंट ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतोच, पण चेक-इन काउंटरवर तो नसतो.

ही सेवा घेण्यात कमीपणा नाही. १५ वर्षांचा मुलगा, पहिलंच विमान आणि मध्ये विमान बदलायचं असेल, तर मी जादा पैसे भरून ती घ्यायलाच सांगेन. थेट विमान असेल तर गरज नाही.

पासपोर्ट

१८च्या आतल्या मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा असतो, जे आधी येईल ते. इथेच एक खाच आहे. तू १७ वर्षं १० महिन्यांचा आहेस आणि पासपोर्ट १८ व्या वाढदिवसाला संपतो. बरेच देश प्रवासाच्या वेळी ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. युरोपातले शेंगेन देश, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे जर्मनी-फ्रान्ससारखे देश, परतीच्या तारखेनंतर ३ महिने मागतात. म्हणजे तुझा पासपोर्ट आज चालू असला तरी या प्रवासाला उपयोगाचा नाही. १५ ते १८ वयाच्या मुलांना थेट १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. ५ वर्षांच्या पासपोर्टची फी १००० रुपये आहे, १० वर्षांच्याची १५००. माझ्या मते १५ नंतर १० वर्षांचाच काढावा.

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा जवळच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात पालकांबरोबर जायचं. आईवडील दोघांच्या सह्यांचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे प्रतिज्ञापत्र लागतं.

आपल्याकडे हमखास अडतं ते नावावर. तुझ्या जन्मदाखल्यावर आईचं सासरचं नाव आहे, तिच्या पासपोर्टवर माहेरचं. किंवा दाखल्यावर वडिलांचं नाव ‘राव’ लावून आहे आणि आधारवर तसं नाही. हे सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर तो अर्जाआधी निस्तरायचा. तिकिटावरचं नावही पासपोर्टसारखंच हवं. आपल्या पासपोर्टात ‘गिव्हन नेम’मध्ये बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, ते तसंच्या तसं तिकिटावर घ्यायचं.

तिकीट

थेट विमान पाच-दहा हजारांनी महाग असलं तरी पहिल्या वेळी तेच घ्या, हे आईबाबांना सांग. स्वस्त तिकिटात मध्ये सात तासांचा थांबा असतो. पहिलं विमान उशिरा आलं तर तो थांबा चाळीस मिनिटांचा होतो आणि मग परक्या विमानतळावर धावायचं तुला. थांबा घ्यावाच लागला तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे पुढचं विमान चुकलं तर कंपनी दुसऱ्यात बसवून देते. रात्रभराचा थांबा नकोच. शिवाय थांब्याच्या देशात नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो का, हे बघून घ्यावं. लंडनमार्गे जाणाऱ्या भारतीयाला सहसा लागतो.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘५ मे, पहाटे २:३०’ लिहिलं असेल तर विमानतळावर पोचायचं ४ मेच्या रात्री. ५ तारखेला रात्री जेवून निवांत निघणारी माणसं दरवर्षी असतात.

तिकिटाबरोबरच जेवण नोंदवून टाक. शाकाहारी असशील तर ‘एशियन व्हेजिटेरियन’, म्हणजे एव्हीएमएल. ‘हिंदू मील’ नावावरून शाकाहारी वाटतं, पण त्यात कोंबडी, मासे, मटण असतं. फक्त गोमांस नसतं. जैन जेवण वेगळं मिळतं. हे किमान एक-दोन दिवस आधी सांगावं लागतं, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही.

संमतीपत्र आणि व्हिसा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो.

संमतीपत्र म्हणजे ‘आमचा मुलगा किंवा मुलगी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत एकटी या देशात जात आहे, आमची हरकत नाही’ असं आईवडील दोघांनी लिहून दिलेलं, नोटरी केलेलं पत्र. इंग्रजीत असावं. त्यात तुझं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही पालकांचे पासपोर्ट किंवा ओळखपत्रांचे क्रमांक आणि फोन, जिथे राहणार त्यांचं नाव, नातं, पत्ता आणि फोन एवढं हवंच. त्यात दोन वाक्यं आणखी घालून घे. एक, फ्रान्स, स्वित्झर्लंड अशा शेजारच्या कुठल्या देशांत फिरायला जायची परवानगी आहे ते. दुसरं, गरज पडली तर तुझ्यावर उपचार करायला संमती द्यायचा अधिकार मावशी-काकांना दिला आहे, हे. जर्मनीत १८च्या आतल्या मुलाच्या उपचारांना सहसा पालकांची संमती लागते. रात्री दोन वाजता हात मोडला आणि पुण्यात आईबाबांचे फोन लागेनात, तर हे वाक्य कामी येतं. अशा दोन मूळ प्रती कर: एक व्हिसाच्या अर्जाला, एक तुझ्याजवळ.

पालकांचा घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश, एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला सोबत लागतो. हे विषय घरात अवघड असतात, पण अर्जाच्या आदल्या दिवशी काढण्यापेक्षा दोन महिने आधी काढलेले बरे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५. मेमध्ये जायचं असेल तर मी फेब्रुवारीतच अर्ज द्यायला सांगेन, कारण सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणंच मुश्कील होतं. १२ वर्षांवरच्यांना पूर्ण फी पडते, ती ९० युरो आहे. बोटांचे ठसे द्यायला तुला स्वतः जावं लागतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पॉलिसीवरचा मदतीचा फोन नंबर तुझ्या फोनमध्ये सेव्ह कर, नुसती पीडीएफ बाबांच्या मेलमध्ये पडून उपयोग नाही.

खर्च मावशी-काका करणार असतील तर त्यांना जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयातून एक औपचारिक हमीपत्र काढता येतं. ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’ असं त्याचं भलंमोठं नाव आहे. त्याची फी २९ युरो. नुसत्या आमंत्रणाच्या मेलपेक्षा याला वजन आहे, पण त्या कार्यालयाची तारीख मिळायला आठवडे लागतात. मावशीला जानेवारीतच फोन कर. हो, तूच कर.

इंग्लंडला जायचं असेल तर अर्जातच ‘एकटा प्रवास’ की ‘मोठ्यांबरोबर’ हे सांगावं लागतं आणि व्हिसाही त्याप्रमाणे मिळतो. ‘मोठ्यांबरोबर’चा व्हिसा घेऊन एकट्याने गेलास तर तिथून परत पाठवू शकतात. शेंगेन व्हिसावर लंडन होत नाही हेही ध्यानात ठेव. मावशीने कितीही लाडाने ‘वीकेंडला लंडन करू’ म्हटलं तरी.

पैसे आणि फोन

टपरीवरच्या चहालाही यूपीआय करायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल. जर्मनीतल्या दुकानांत यूपीआय चालत नाही. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घे. परदेशी चलन घेताना भरायचा ‘ए-२’ फॉर्म तुझा असला तरी त्यावर पालकाची सही लागते. सोबत दीड-दोनशे युरो रोख, तेही ५, १० आणि २० च्या नोटांत. परदेशी चलनाच्या नोटा एका प्रवासाला ३००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, आणि भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. एवढी रक्कम तुझ्या खिशात असण्याचं कारणच नाही. सगळे पैसे मात्र एका जागी ठेवू नकोस.

दुकानात कार्ड लावल्यावर मशीन कधी कधी विचारतं, पैसे रुपयांत कापू की युरोत? नेहमी युरो. रुपये निवडले की दर त्यांच्या मनाचा.

फोनमध्ये ई-सिम चालतं का ते आधी तपास आणि चालत असेल तर निघण्यापूर्वीच घालून ठेव. भारतीय सिम बंद करू नकोस, ओटीपी त्याच्यावरच येतात. ऑफलाइन नकाशा, तिकीट, व्हिसाचा फोटो, मावशीचा पत्ता हे नेटशिवाय उघडतंय ना, ते फोन एरोप्लेन मोडवर टाकून घरीच बघ. आणि तोच पत्ता आणि फोन नंबर कागदावर, खिशात. फोनची बॅटरी नेमकी कधी संपते ते सगळ्यांना माहीत आहे.

दुबईत थांबा असेल तर आईला आधीच सांगून ठेव: तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. नाहीतर तू आरामात बर्गर खात बसशील आणि इकडे घरी देव पाण्यात घातलेले असतील.

बॅग

बॅग तू भर. कस्टम्सवाल्याने ‘ही बॅग कुणी भरली?’ विचारलं तर ‘आईने’ हे उत्तर चालण्यासारखं नसतं. एवढी मोठी बॅग पट्ट्यावरून उतरवून ओढत न्यायची आहे, त्यामुळे भरल्यावर ती घेऊन एकदा जिना चढून-उतरून बघ. निम्मे कपडे आपोआप बाहेर निघतील.

हातातल्या बॅगेत: पासपोर्ट, फाइल, औषधं (चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात), चार्जर, एक जोडी कपडे, पेन. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत घालायला बंदी आहे. मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत. पातळ पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत नकोत. लोणचं आणि चटणीसुद्धा यात धरतात, म्हणून ती मोठ्या बॅगेत.

आता खाऊ. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप गेलं. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन तेवढी वगळली आहेत. हापूस त्या यादीत नाही, हे माझंही दुःख आहे. कढीपत्ताही नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातल्या सामानात धोकादायक माल समजतात, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. खसखस दुबई-अबुधाबीला आणि सिंगापूरला अमली पदार्थांत मोडते. तिकडे जाणार असशील तर अनारसे आणि घरचा मसाला यांत ती आहे का, आजीला विचार. सिंगापूरला च्युइंगमसुद्धा न्यायचं नाही. राहिलं काय? चकली, चिवडा, बाकरवडी, भाजणी, मेतकूट. पुरे आहे की.

आणि पार्सलं. तू निघणार हे कळलं की सोसायटीतल्या काकू ‘आमच्या चिन्मयीसाठी एवढंसं पाकीट ने ना’ म्हणत येतातच. उघडं, डोळ्यांदेखत बॅगेत ठेवलेलं आणि तुला ओळखू येणारं असेल तरच घे. शिवलेलं, चिकटपट्टी लावलेलं, कुणाच्या मित्राच्या मित्राचं, औषधांचं अजिबात नाही. नाही म्हणायला जड जात असेल तर आईवर ढकल: ‘आई रागावते.’ काकूंना वाईट वाटेल, वाटू दे.

टी-टूची रात्र

मुंबईच्या टर्मिनल २ वर घरच्यांचा निरोप दारातच. आत फक्त प्रवासी. दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो. विमानाच्या तीन ते साडेतीन तास आधी पोच. घाटात किंवा द्रुतगती मार्गावर वाहतूक अडकते, तेवढे तास वेगळे धर.

आत क्रम असा: चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, गेट. चेक-इनला मोठी बॅग देताना तिच्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं बघायची. फ्रँकफर्टसाठी एफआरए. मिळालेली छोटी चिकटपट्टी बोर्डिंग पासच्या मागे लाव, बॅग हरवली तर तीच पावती.

इमिग्रेशनला भारतीयांना आता कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही. तो १ जुलै २०१७ पासून बंद झाला. जुने लोक अजून ‘फॉर्म भरलास का?’ विचारतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष कर. अधिकारी विचारेल: कुठे चाललास, कुणाकडे, परत कधी, आईवडील काय करतात. मराठीत किंवा हिंदीत विचारलं तर त्याच भाषेत उत्तर दे. जेवढं विचारलं तेवढंच सांग. संमतीपत्र मागितलं तर दे, न मागता पुढे करू नकोस.

गेट बदलतं. बोर्डिंग पासवर छापलेल्या आकड्यावर विसंबून कानात इयरफोन घालून बसू नकोस, अधूनमधून पडदा बघ.

विमानात शेजारी बसलेला माणूस फार चौकशा करू लागला, हात लावू लागला किंवा नुसताच विचित्र वाटला, तर उठ आणि मागे विमानसेविकांकडे जा. ‘मला जागा बदलून हवी आहे’ एवढं म्हटलं तरी पुरतं. कारण पटवून द्यायची गरज नाही, आणि त्यांना हे नवीन नसतं. ‘मोठी माणसं आहेत, काय वाटेल’ हा विचार इथे बाजूला ठेव. थांब्याच्या ठिकाणी किंवा उतरल्यावर कुणी ‘चल, मी सोडतो’ म्हटलं तरी तेच. मराठी बोलणारा असला तरी.

फ्रँकफर्टला उतरल्यावर

उतरलास की घाई नको. आधी स्वच्छतागृह, मग घरी मेसेज, मग पासपोर्टची रांग. ‘ऑल पासपोर्ट्स’ लिहिलेल्या बाजूला उभं राहायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे: पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करतात. तुझे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, इथे ते फक्त ताडून बघतात. या नोंदणीला वेळ जातो, त्यामुळे रांग लांब वाटली तर घाबरायचं कारण नाही.

काचेमागच्या पोलिसाचे प्रश्न साधे असतात. कशासाठी आलास? किती दिवस? कुठे राहणार? परतीचं तिकीट? जी मुलं इथे घाबरतात ती फोन काढून ‘माझ्या मावशीशी बोला’ म्हणत काचेपाशी धरतात. तो पोलीस फोन घेत नाही. त्याला उत्तर तुझ्या तोंडून हवं असतं, आणि १६ वर्षांच्या मुलाला आपण कुठल्या गावात राहणार ते सांगता येत नाही म्हटल्यावर त्याच्या भुवया वर जातात. म्हणून गावाचं नाव उच्चारासकट पाठ कर. ‘व्हिजिटिंग माय आंट, थ्री वीक्स, शी लिव्ह्ज इन डार्मश्टाट’ एवढं इंग्रजी भरपूर झालं. निघायच्या आदल्या रात्री आईला काचेमागे बसवून एकदा रंगीत तालीम केलीस तरी चालेल.

बॅग आली नाही तर बाहेर पडायच्या आधी, पट्ट्याजवळच्या सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक घ्यायचा. एकदा बाहेर गेलं की पुन्हा आत जाता येत नाही. मावशी कुठल्या खांबाजवळ उभी राहणार ते आधी फोटोवरून ठरव. ती उशिरा आली तर तू तिथेच थांबायचं, तिला शोधत फिरायचं नाही.

अमेरिकेला जाताना मध्ये तिथेच दुसरं विमान असेल, तर पहिल्या विमानतळावर सहसा बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि ती पुन्हा जमा करावी लागते. मुंबईत ‘बॅग थेट जाईल’ असं सांगितलेलं असलं तरी हे विचारून घे.

तिथे राहताना

स्टेशनवर फाटक नसतं, तिकीट कुणी अडवून बघत नाही आणि त्यामुळे फुकट वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात. तिकीट नसेल तर दंड ६० युरो. म्युनिकसारख्या शहरात तिकीट काढून भागत नाही, गाडीत बसण्यापूर्वी ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारायचा असतो. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, म्हणून खिशात नाणी हवीत. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत मिळते. नळाचं पाणी बिनधास्त पी. जर्मनीत १६ पूर्ण झालेल्याला बिअर आणि वाइन कायद्याने मिळते, कडक दारूला मात्र १८ लागतात. तुझ्या वयाची मुलं समोर पीत असतील. तुमच्या घरात याबद्दल काय चालतं ते निघण्याआधीच आईबाबांशी बोलून घे. तिथे ऐनवेळी ठरवण्यापेक्षा सोपं जातं.

मावशीच्या घरी पाहुणा म्हणून नाही, घरातला म्हणून राहायचं. ताट उचलून धुवायच्या यंत्रात लाव. कुठे जातोस, किती वाजता येतोस हे सांग. तुझ्या हमीपत्रावर सही तिने केली आहे.

आणखी एक. जिथे राहतोस तिथेच काही नकोसं घडलं, मग ते नातेवाइकांचं घर असो वा यजमान कुटुंब, तर त्याच घरातून उघड बोलता येत नाही. त्यासाठी आईबाबांशी एक साधं वाक्य आधीच ठरवून ठेव, उदाहरणार्थ ‘माझं ते निळं पुस्तक सापडलं का?’ हे वाक्य आलं की त्यांनी कारण न विचारता तुला तिथून हलवायची सोय करायची.

अडचण आलीच तर

सगळ्या युरोपात आणीबाणीचा नंबर ११२, फुकट. जर्मनीत पोलिसांचा ११०. इंग्रजीत बोललं तरी चालतं.

पासपोर्ट हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन भारतीय वाणिज्य दूतावासात जायचं. जर्मनीत तो फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला आहे, राजदूतावास बर्लिनला. ते एकदाच भारतात परतायचं ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देऊ शकतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स मोठ्या बॅगेत वेगळ्या असतील तर हे काम निम्म्या वेळात होतं.

विमान चुकलं किंवा रद्द झालं तर विमानतळाबाहेर पडू नकोस. त्या कंपनीच्या ट्रान्सफर डेस्कवर जा आणि पहिलं वाक्य हेच म्हण: ‘मी १६ वर्षांचा आहे, एकटा आहे.’ रांगेतल्या चाळीस मोठ्या माणसांपेक्षा तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं, आणि रात्र काढायची वेळ आली तर कुठे थांबवायचं हा प्रश्न त्यांचाही होतो.

परतीला

काकांनी बाबांसाठी दिलेली कडक दारूची बाटली तुझ्या बॅगेत ठेवू देऊ नकोस. ड्यूटी-फ्रीतही ती तुला कुणी विकणार नाही. शेंगेनमधले दिवस व्हिसावर लिहिलेले असतात, त्यात एक दिवसाचाही जादा मुक्काम नको. पुढच्या वेळचा व्हिसा त्यावर अडतो.

घरी आल्यावर कार्डावर आणि पाकिटात उरलेलं परदेशी चलन १८० दिवसांत परत करायचं असतं. नोटांच्या रूपात २००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतं. नाण्यांना मर्यादा नाही, पण चलन बदलून देणारे नाणी घेत नाहीत, म्हणून ती फ्रँकफर्टच्या विमानतळावरच चॉकलेटात घालव.